जड झालेली झडप

पौषातली थंडी पडू लागली म्हणजे आमच्या कळमन्याच्या घरात सर्वांच्या आधी जागा होतो तो न्हाणीघराच्या पडवीतील बंब. बाहेर बाजारसमितीच्या आवाराकडे जाणाऱ्या मालमोटारींची वर्दळ सुरू झालेली असते. संत्र्यांच्या आणि लाल मिरच्यांच्या हंगामात तर ह्या रस्त्यास रात्र अशी नसतेच. घरात विजेची सोय आहे, स्वयंपाकास गॅस आहे. परंतु लहानमोठी चौदा माणसे, त्यांची एकापाठोपाठ एक स्नाने, आणि लकडगंजच्या आरागिरण्यांतून स्वस्तात मिळणारे लाकडाचे तुकडे, ह्या तीन कारणांनी तो जुना तांब्याचा बंब अद्यापि आपल्या जागी टिकून आहे. ज्या घरांतून बंब गेले तेथेही कोठे चूल, कोठे भुशाची शेगडी, आणि थंड मुलुखात राहावयास गेलेल्या मुलांच्या घरी लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी, अशा नाना रूपांनी लाकडाचा विस्तव आमच्या वाचकांच्या परिचयाचा असेलच. त्या सर्वांना लागू पडेल अशी एक गोष्ट आज सांगावयाची आहे. गोष्ट दिसावयास लहान आहे. परंतु तिच्यापायी आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या जिवावर बेतले होते.

आमचा बंब मूळचा साधा, म्हणजे मधल्या नळीत वरून लाकूड टाकावयाचे आणि राख खाली पडावयाची, अशा धाटणीचा. पुढे पडवी बंदिस्त केली तेव्हा धूर घरात कोंडू लागला, म्हणून एका लोहाराकडून त्यास लोखंडी बूड बसवून घेतले आणि वर छपराबाहेर जाणारे धुराडे जोडले. बुडास लाकूड घालण्याचे दार. दाराखाली खोबणीतून सरकणारी लोखंडी पट्टीची झडप. आणि धुराड्यात, हात पोचेल अशा उंचीवर, दांडी फिरविली की उभी-आडवी होणारी एक वाटोळी चकती. झडपेतून हवा आत येते. चकतीमुळे धुराची बाहेर जाण्याची वाट लहानमोठी होते. विस्तवाचे लगाम काय ते हे दोनच.

ही हकीकत 2018 सालच्या डिसेंबरातील. त्याच वर्षी आम्ही शाळेतून निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त शिक्षकास घरातील प्रत्येक वस्तूची परीक्षा घेण्याची जी खोड लागते ती आम्हांसही लागली होती. लाकूड फार जळते असे आमच्या मनाने घेतले. आणि विस्तव चांगला धरला की झडप व चकती दोन्ही मिटत आणावी, म्हणजे लाकूड पुरवून पुरवून जळेल, असा दंडक आम्ही घालून दिला. बंब पेटविण्याचे काम धाकट्या सूनबाईकडे असे. दंडक घातल्यापासून महिन्याभरात ती दोनदा म्हणाली, “मामंजी, वरची चकती फिरता फिरत नाही, आणि खालची झडप मध्येच अडकून बसते. धूर सगळा पडवीत येतो.” आम्ही म्हणालो, “लाकूड ओले असेल.” तिसऱ्या खेपेस ती आम्हांस काही म्हणाली नाही, आमच्या कुटुंबास म्हणाली. तिकडून ती गोष्ट आमच्या कानी आली तेव्हा आम्ही न्यायशास्त्र काढून बसलो.

जेथे धूर तेथे अग्नी, हे त्या शास्त्रातील उदाहरण पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु उलटपक्षी, जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघावयास ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. ह्यास नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. हे सर्व आम्ही सूनबाईस सविस्तर समजावून दिले, आणि तिने ते मान खाली घालून ऐकून घेतले. शास्त्र बरोबर होते. लाकूडही थोडे ओले होतेच. मात्र उठून पडवीत जावे आणि ती दांडी एकदा आपल्या हाताने फिरवून पाहावी, एवढे आमच्या हातून झाले नाही.

महिनाअखेर विलक्षण थंडी पडली. 29 डिसेंबर रोजी नागपुरास 3.5 अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली. त्या आठवड्यात एके सायंकाळी खालची झडप पुन्हा अडली. आमचा पुतण्या अंगाने दणकट आणि स्वभावाने उतावळा. त्याने विस्तव पेटलेला असतानाच झडपेवर हातोडीचे दोन घाव घातले. झडप सरकली खरी, परंतु पट्टी वाकून अर्ध्या वाटेवर कायमची रुतली. निजण्यापूर्वी, निखारे सकाळपर्यंत राहावेत आणि पाणी कोमट मिळावे म्हणून, त्याने वरची चकती जोर लावून पूर्ण मिटविली. ती मिटली ती मिटलीच. थंडीमुळे पडवीच्या खिडक्या बंद होत्या. पडवीस लागूनच आमच्या थोरल्या वहिनींची खोली. ऊब यावी म्हणून त्यांनी मधले दार किंचित उघडे ठेविले होते.

पहाटे सूनबाई उठली तो वहिनींच्या कण्हण्याचा आवाज आला. डोके फुटत होते, दोनदा ओकारी झाली होती, आणि उठावयास जावे तो पाय धरीत नव्हते. पित्त झाले असेल असे कोणासही वाटावे. परंतु पडवीत पाऊल टाकताच सूनबाईचेही डोके गरगरले. तिने कोणास विचारण्यात वेळ दवडला नाही. दारे-खिडक्या धडाधड उघडल्या, वहिनींच्या काखेत हात घालून त्यांना ओढत अंगणात आणले, आणि मग आम्हां सर्वांस हाका मारल्या. रुग्णालयात त्यांना प्राणवायू द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, “आणखी एक-दोन तास गेले असते तर सांगता आले नसते.”

हा जो वायू होता त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. लाकडास किंवा कोळशास पुरेशी हवा मिळाली तर त्यातील कार्बनाचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली तर मोनॉक्साइड होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि धुरासारखा तो डोळ्यांस झोंबतही नाही. रक्तातील जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. मग श्वास चालू असूनही शरीर आतल्या आत गुदमरते. निजलेल्या माणसास जागही येत नाही. निखाऱ्यांस धूर नाही म्हणून त्यांपासून भय नाही, ही समजूत म्हणूनच अतिशय घातक होय. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला 1902 सालच्या सप्टेंबरात पॅरिस येथे आपल्या राहत्या घरी मरण पावला तो ह्याच विषाने. धुराडे कोंदल्यामुळे विस्तवाचा वायू शयनगृहात भरला. पत्नी वाचली, तो वाचला नाही. उत्तरेकडील थंड प्रांतांतून दर हिवाळ्यात, बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आजही वाचावयास मिळतात.

वहिनी घरी आल्यावर आम्ही लोहारास बोलाविले. म्हातारा गृहस्थ, त्याने बंबास हात लावण्यापूर्वी विचारले, “हा पेटवते कोण?” आम्ही सूनबाईकडे बोट दाखविले. त्याने आमच्याकडे पाठ केली आणि तिला विचारले, “बाई, ही थंड असताना जड जाते, का गरम झाल्यावर?” ती तत्काळ म्हणाली, “वरची थंडपणी हलत नाही. विस्तव चांगला पेटला की मऊ होते. खालचीचे उलटे. सकाळी हलकी असते, तापली की अडते.” म्हातारा म्हणाला, “मग झालं की.” दोन प्रश्नांत निदान झाले. महिनाभर हे निदान आमच्याच घरात, आमच्याच सुनेपाशी होते. आम्ही विचारले नव्हते, एवढेच.

त्या दिवशी तो म्हातारा जे बोलला, आणि त्यानंतर सहा-सात हिवाळ्यांत आम्ही स्वतः राख चिवडून जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

अमरकोशात अग्नीच्या नामांमध्ये ‘वायुसख’ असे एक नाव आहे. वारा ज्याचा मित्र, तो. दुसरे नाव ‘अनल’. त्याची फोड ज्याला ‘अलम्’ म्हणजे पुरे असे कधी वाटत नाही तो, अशी करण्याची जुनी रीत आहे. ह्या दोन नामांत बंबाचे सारे शास्त्र येते. मित्र भेटला नाही तर अग्नी कुढतो आणि धुमसतो. मित्र मोकळा सोडला तर त्यास पुरे म्हणून ठाऊक नाही. म्हणून पुरे म्हणण्याचे काम माणसाने झडपेकडे दिले. झडप जड झाली म्हणजे ते काम कोणीच करीत नाही.

जड होण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले कारण डांबरट कीट. लाकूड नुसते जळत नाही. तापल्यावर आधी त्यातून वायू व वाफा निघतात आणि त्या पेट घेतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा बहुतेक भाग असा वायुरूपानेच जळतो. हवा कमी पडली किंवा लाकूड ओले असले, तर त्या वाफा न जळता वर जातात आणि धुराड्याच्या थंड पत्र्यावर चिकट, काळ्या, तकतकीत थराच्या रूपाने बसतात. हा थर थंडपणी डिंकासारखा घट्ट आणि तापल्यावर मऊ होतो. म्हणून जी दांडी थंड असताना हलत नाही आणि तापल्यावर सुटते, तिचा रोग कीट हा समजावा. आमच्या चकतीस तोच झाला होता, आणि त्याचे मूळ आमच्या काटकसरीच्या दंडकात होते, हे कबूल केले पाहिजे. हवा मिटवून लाकूड वाचते असे आम्हांस वाटत होते. वस्तुतः लाकडातील उत्तम भाग न जळता धुराड्यास चिकटत होता.

दुसरे कारण उष्णतेने होणारी वाढ. लोखंडाची एक मीटर लांबीची पट्टी शंभर अंशांनी तापली तर सुमारे 1.2 मिलिमीटर वाढते. ह्या हिशेबाने 20 सेंटिमीटरची पट्टी 400 अंशांनी तापली म्हणजे जवळजवळ 1 मिलिमीटर लांबते. भोवतालची खोबण विस्तवापासून दूर असल्यामुळे तितकी तापत नाही, तितकी वाढतही नाही. खोबणीत पुरेशी फट ठेवलेली नसली, किंवा असलेली फट राखेने भरली, तर झडप सकाळी हलकी आणि तापल्यावर जड, असे होते. तिसरे कारण गंज. हा थंडपणी आणि तापल्यावर, दोन्ही वेळी सारखाच अडतो, आणि बहुधा पावसाळ्यानंतर दिसतो. कारण राखेतील क्षार हवेतील ओल ओढून घेतात, आणि आत राहिलेल्या राखेखाली लोखंड चार महिने ओलेच राहते. चौथे कारण पट्टीच वाकणे. तीही दोन्ही वेळी अडते, परंतु नेमकी एकाच ठिकाणी. तेथवर मोकळी आणि पुढे एकदम बंद. आमच्या पुतण्याच्या हातोडीने हा चौथा रोग वरकड म्हणून आणला.

आता उपाय. प्रत्येक उपाय करण्यापूर्वी बंब, शेगडी किंवा चूल पूर्ण थंड असली पाहिजे. राख दिसावयास विझलेली असली तरी तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घराबाहेर ठेवावी, प्लॅस्टिकच्या टोपलीत कधीही काढू नये. नाकातोंडास फडके बांधावे. नंतर दांडी, चकती, पट्टी जेवढी सुटी होत असेल तेवढी सुटी करावी; मात्र सुटी करण्यापूर्वी कोणता भाग कसा बसला होता ह्याचे चित्र काढून ठेवावे. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्राचे यंत्र असते, त्याचा हा एक सदुपयोग.

कीट असेल तर आदल्या दिवशी चांगले वाळलेले लाकूड घालून, झडप, चकती आणि खिडक्या उघड्या ठेवून, तासभर खडखडीत विस्तव करावा. त्याने कीट सुकून ठिसूळ होतो. मात्र चकती बंद स्थितीत अडकली असेल, अथवा धुराड्यात कीटाचा जाड थर साचला असेल, तर हा प्रयोग मुळीच करू नये. पहिल्यात वायू घरात येतो आणि दुसऱ्यात धुराड्यासच आग लागते. अशा वेळी धुराडे उतरवून झाडूनच घ्यावे. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर तारेच्या ब्रशाने व बोथट सुरीने कीट खरवडून काढावा. राखेने भरलेली खोबण जुन्या दातांच्या ब्रशाने आणि वाकविलेल्या तारेने मोकळी करावी. गंज असेल तर त्यावर रॉकेल अथवा गंज सोडविणारे पातळ तेल दोन-चार थेंब सोडून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी दांडी जोराने न ढकलता पुढेमागे, पुढेमागे अशी थोडथोडी हलवावी. एक केसभर सुटली की पुन्हा थेंब, पुन्हा धीर. सुटल्यावर काचकागदाने घासून कोरड्या फडक्याने पुसावे, आणि तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत विस्तव घालू नये. वाकलेली पट्टी मात्र ठोकून सरळ करीत बसण्यात अर्थ नाही. ती बदलावी, आणि नवी बसविताना लोहारास जाड पुठ्ठ्याएवढी फट ठेवावयास सांगावे.

झडप सुटली की पुष्कळ घरांतून तीवर खोबरेल किंवा गोडेतेल सोडतात. हे करू नये. तव्याच्या कडेस तेलाचा जो चिवट थर बसतो तोच येथे बसतो, आणि आठ दिवसांत झडप पहिल्यापेक्षा अधिक जड होते. येथे शिक्षकाच्या खिशातील वस्तू उपयोगी पडते. शिसपेन्सिलीत शिसे नसते हे आम्ही आयुष्यभर मुलांस सांगत आलो. त्यात ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनाचेच एक रूप. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, आणि झडपेपाशी असते तेवढ्या उष्णतेने ते जळत नाहीत. मऊ, काळीभोर उमटणारी पेन्सिल घेऊन पट्टीच्या दोन्ही कडा, खोबण आणि दांडीचा फिरता भाग ह्यांवर ती भरपूर घासावी. ग्राफाइटची पूड लोखंडी सामानाच्या दुकानातही मिळते. परंतु आमच्या घरी नातवंडांच्या पेन्सिलींची थोटके पुरतात.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. तापलेल्या झडपेवर हातोडी मारू नये. पत्रा वाकतो, आणि बिडाचा भाग असेल तर तडकतो. दांडीस लांब नळी अडकवून जोर करू नये. दांडी फिरते, आतली चकती तशीच राहते, आणि बाहेरून पाहणारास ती उघडी वाटते. हवा मिटवून धुमसत ठेवलेल्या विस्तवाचे दार एकदम उघडू नये. आत कोंडलेले वायू हवा मिळताच भडकतात आणि ज्वाळा तोंडावर येते. आधी चकती उघडावी, थोडे थांबावे, मग झडप, आणि सर्वांच्या शेवटी दार. आणि झडप अडली असता, तेवढ्या दिवसापुरते काय होते, असे म्हणून बंब पेटवू नये. झडप उघडी अडली तर लाकूड जास्त जळेल, इतकेच. चकती मिटलेली अडली तर आमच्या वहिनींवर जो प्रसंग आला तो येईल.

लोहाराने जाताना आणखी दोन गोष्टी केल्या. चकतीचा एक पावभर तुकडा कापून काढला, म्हणजे ती पूर्ण आडवी झाली तरी वायूस वाट राहील. आणि दांडीच्या टोकास कानशीने अशी खाच पाडली की, खाच उभी असली म्हणजे चकती उघडी, हे अंधारातही बोटांस कळावे. ह्या दोन गोष्टींस त्याने दहा मिनिटेही घेतली नाहीत. निखाऱ्यांवर रात्र काढण्याची चाल मात्र आम्ही त्या दिवसापासून घरातून बंद केली.

लाकडाविषयी दोन शब्द. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करावयास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात स्नानाचे 20 लिटर पाणी सुमारे 30 अंशांनी तापते. म्हणजे लाकडातून आपण एक लिटर पाणी बंबात घातले, तर एका माणसाचे स्नान धुराड्यातून गेले असे समजावे. नागपूरचा उन्हाळा कोणास आवडत नाही. परंतु लाकूड वाळविण्यास त्यासारखा दुसरा मित्र नाही. मे महिन्यात फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा राहील असे रचून ठेवलेले लाकूड हिवाळ्यात खणखणीत होते. दोन फाटे एकमेकांवर आपटून पाहावेत. ठणठण वाजले तर वाळलेले, धप्प आवाज आला तर ओले. बाभूळ, साग, पऱ्हाटी, तुऱ्हाटी, काहीही चालेल. रंगविलेली फळी, प्लायवुड आणि खोक्यांचे गोंद लावलेले तुकडे मात्र घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि कीटही फार धरतो.

हा प्रश्न आमच्या एका पडवीचा नाही. येथून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा आहे. तेथे 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला; जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते, आणि मगनवाडी हे त्याचे ठाणे. तेथील प्रयत्नांतून धुराड्याची ‘मगन चूल’ पुढे आली. 1950 नंतर हैदराबादेस एस. पी. राजू ह्यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरासाठी चुलीचा नमुना तयार केला. 1980 नंतर सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि 2002 च्या सुमारास तो आवरता घेईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांतील पुष्कळशा लवकरच निकामी झाल्या. चूल वाईट होती असे सर्व ठिकाणी नव्हते. धुराडी कोणी झाडली नाहीत, मोडलेले भाग कोणी बदलले नाहीत, आणि चुलीपुढे जिने बसावयाचे तिला नमुना ठरविताना आणि तक्रार ऐकताना फारसे कोणी विचारले नाही. 2016 पासून उज्ज्वला योजनेने लाखो घरांत गॅस पोचविला, हे फार चांगले झाले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातील चुलीच्या धुराने जगात 32 लाख माणसे मृत्यू पावली. तीन कोटी चुलींच्या बाबतीत जे झाले तेच आमच्या एका बंबाच्या बाबतीत झाले होते. यंत्र बसविणारा एक, दंडक घालणारा दुसरा, आणि धूर गिळणारी तिसरी.

आता आमच्या घरी नियम असा आहे. पहाटे बंब पेटविणाराने प्रथम चकती आणि मग झडप ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सरकवावी, गरज असो वा नसो. रोज हलणारी वस्तू सहसा अडत नाही. दर पंधरा दिवसांनी खोबण झाडावी आणि पेन्सिल फिरवावी. होळी झाली, बंब बंद झाला, की राख निपटून काढून, झडप उघडी ठेवून, लोखंडास पुसट तेलाचा हात द्यावा; दिवाळीनंतर पहिला विस्तव दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावा. ही सर्व कामे आम्ही आणि पुतण्या करतो. पेटविण्याचे कामही आता एकट्या सूनबाईचे राहिलेले नाही. आठवड्याच्या पाळ्या लागल्या आहेत, आणि आमची पाळी सोमवारी असते. हाताने दांडी फिरवू लागल्यापासून, ती किंचित जड झाली तरी आम्हांस त्याच दिवशी कळते.

वहिनी आज ऐंशीच्या घरात आहेत. पहिल्या सोमवारी आम्ही बंबापुढे बसून पेन्सिलीचे थोटूक घासत होतो, तो त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, उपाधी काय ती सापडली का?” आम्ही म्हणालो, “सापडली, वहिनी. ती ओल्या लाकडात थोडी होती, आणि आमच्यात पुष्कळ.”

वाचकांस विनंती एवढीच की, घरातील कोणी ‘ही जड जाते’ असे म्हटले तर प्रथम उठावे, हात लावून पाहावे, आणि ‘थंडपणी की तापल्यावर?’ एवढा प्रश्न तिलाच विचारावा. बहुधा उत्तर तयार असते.